तक्त्यातले शेवटचे दोन आकडे

उमाळे सरांशी माझी पहिली भेट अकोल्यात झाली आणि त्या भेटीत मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. लेखाची सुरुवात पहिल्या परिचयापासून करावी, असे गौरवग्रंथाच्या संपादकांनी कळवले आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

मी तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. महाविद्यालयात विज्ञान सप्ताह होता आणि अमरावतीहून भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक विश्वाच्या विस्तारावर बोलायला येणार होते. हजेरी सक्तीची होती. प्रा. प्रभाकर उमाळे बसने आले ते मांडीवर एक लाकडी ट्रे घेऊन. ट्रेमध्ये ओल्या गोणपाटावर काळ्या मातीची हातभर लांब, दोन बोटे जाड पट्टी होती आणि पट्टीत रंगीत डोक्याच्या आठ टाचण्या एका ओळीत टोचलेल्या होत्या. पट्टी कोरडी असताना टाचण्या कुठे होत्या, त्याच्या खुणा एका कागदावर होत्या. सरांनी तो कागद पट्टीशेजारी धरला. भिजून माती फुगली होती आणि प्रत्येक टाचणी पहिल्या टाचणीपासून लांब गेली होती. जवळची थोडी, लांबची जास्त. मग त्यांनी चौथी टाचणी आपले घर मानायला सांगितले. तिच्यापासूनही बाकीच्या सगळ्या दूर गेलेल्या, लांबच्या जास्त. दीर्घिका अशाच एकमेकींपासून दूर जातात, सर म्हणाले. कुठल्याही दीर्घिकेवर उभे राहा, वाटते आपणच मध्यभागी आहोत. मध्य कुठेच नाही. आणि टाचणी स्वतः फुगत नाही, फुगते ती मधली माती, हेही ध्यानात ठेवा.

सभागृहाला ते आवडले. माझ्या मनात दोन गोष्टी आल्या. पहिली अशी की गोणपाट सकाळी अमरावतीतच भिजवले होते, म्हणजे कोरड्या पट्टीवरच्या खुणा आमच्यापैकी कोणी पाहिलेल्या नव्हत्या. दुसरी शंका मी उभी राहून विचारली. शेतातली काळी माती आडवी फुगत नाही. दोन्ही बाजूंनी शेजारची माती तिला दाबून धरते, म्हणून ती वर उठते; आमच्याकडच्या घरांच्या फरश्या उचलल्या जातात त्या यामुळेच. सरांची पट्टी आडवी फुगते, कारण तिला दोन टोके आहेत. मग विश्वालाही टोक आहे असे समजायचे का? आणि टोक नसेल, तर फुगायला ते जागा कुठून आणते?

मागच्या रांगेतली मुले हसली. सरांनी नाव आणि पत्ता विचारला. उत्तर लेखी देईन, म्हणाले. अनोळखी माणसाला घरचा पत्ता द्यायची माझी तयारी नव्हती. मी विभागाचा पत्ता दिला.

आठवड्याने पत्र आले. ते माझ्याकडे अजून आहे, त्यातला मजकूर इथे उतरवते. "तुमची शंका बरोबर आहे. माझे उदाहरण तिथे मोडते. मातीला फुगायला जागा लागते, कारण माती जागेत असते. विश्वाच्या बाबतीत जागाच ताणली जाते. ती दुसऱ्या कुठल्या जागेत सरकत नाही. दोन्ही बाजूंना न संपणारी टाचण्यांची रांग मनात आणा. प्रत्येक दोन टाचण्यांमधले अंतर दुप्पट करा. रांग आधीही अनंत होती, नंतरही अनंत आहे. कोणाला बाजूला व्हावे लागले नाही. हे मातीत करून दाखवता येत नाही. आपले विश्व खरोखर असे अनंत आहे का, ते मला माहीत नाही."

पत्र चांगले होते, आणि त्यामुळेच मी सावध झाले. चूक इतक्या सहज कबूल करणारी काही माणसे खरी असतात, तर काहींनी कबुली हीच आपली शैली करून टाकलेली असते. सर त्यातले कोणते, हे एका पत्रावरून सांगता येत नव्हते. पत्राच्या शेवटी अमरावतीला रविवारच्या वर्गाला येण्याचे निमंत्रण होते. मी गेले ती शिकायला कमी आणि तपासायला जास्त.

या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना तो वर्ग ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी लिहिते. सरांच्या घराच्या फाटकाला आतल्या बाजूने एक लाकडी फळा आहे. ज्याला शंका असेल त्याने ती कार्डावर लिहून, खाली नाव घालून द्यायची. सर त्याच कार्डावर उत्तर लिहितात आणि कार्ड फळ्याला टोचतात. निनावी शंका घेत नाहीत. कितीतरी कार्डांवर उत्तर म्हणून दोनच शब्द असतात : माहीत नाही. विश्व अनंत आहे का, या शंकेचे कार्ड मी पाहिले तेव्हा उन्हाने पिवळे पडले होते. सर ते दरवर्षी नव्याने लिहून काढतात, असे मला नंतर कळले.

पहिल्याच रविवारी धामणगावचे एक धान्याचे व्यापारी माझ्या पुढे बसले होते. सगळे त्यांना शेठजी म्हणत. सर व्याख्यानात प्रमाण मराठी बोलतात, पण कोणी वऱ्हाडीत विचारले की तेही वऱ्हाडीवर येतात. मूळचे ते तेल्हाऱ्याच्या शेतकरी घरातले.

"सर, हे फुगून राहिलं, थे कायच्यात फुगून राहिलं?" शेठजींनी विचारले.

"कायच्यातच नाही."

"असं कसं? पोतं फुगते तं गोदामात फुगते."

"गोदाम नाहीच हाये, शेठजी. नुसतं पोतं हाये, अन् आपण पोत्याच्या आतून पाहून राहिलो."

"मंग पोत्याची शिवण कुठी हाये?"

"थे दिसली नाही अजून. दिसली नाही म्हणून नाहीच, असं मी म्हणत नाही."

पुढचा तासभर सर त्या शिवणीवर बोलले. जिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोहोचलेलाच नाही, तिथले आपण काही पाहू शकत नाही. विश्वाला वय आहे, म्हणून पाहण्याला हद्द आहे. पण ती पाहण्याची हद्द झाली, विश्वाची नव्हे. जो भाग दिसतो तो मोजमापातल्या चुकीच्या मर्यादेत सपाट, म्हणजे समांतर रेषा समांतरच राहतील असा, आढळतो. विश्व अगदी सपाट असेल, सगळीकडे सारखेच असेल आणि कुठे स्वतःवर वळून जुळलेले नसेल, तर ते अनंत असणार. पण मर्यादेत सपाट म्हणजे सपाट, असे नव्हे. यावर मी म्हणाले, की एका प्लॉटची पातळी घेतली तर जमीन सपाटच येते, तेवढ्यावरून पृथ्वी सपाट ठरत नाही. सरांनी ते वाक्य तिथल्या तिथे वर्गातल्या खडूच्या फळ्यावर लिहिले आणि त्याखाली माझे नाव लिहिले. कौतुक झाले की मी आधी दाराकडे बघते. त्या दिवशीही बघितले.

आणखी एका वृद्ध गृहस्थांची शंका होती, की सगळेच फुगते आहे तर अकोल्याची बस दरवर्षी उशिरा येते ती त्यामुळे का. सर हसले नाहीत. अमरावती आणि अकोला एकाच पृथ्वीने बांधून ठेवले आहेत, म्हणाले. पृथ्वी सूर्याने, सूर्य दीर्घिकेने. जे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहे ते या विस्ताराने ताणले जात नाही. विस्तार दिसतो तो दीर्घिकांच्या समूहांमधल्या मोकळ्या पसाऱ्यात. बसचे कारण रस्त्यात शोधा.

असे पुष्कळ रविवार झाले. सर दरवेळी आपल्या टिपणांची प्रत माझ्या हातात देत आणि म्हणत, "इंजिनिअरबाई, चूक काढा." मी काढत असे. हे मला आपलेसे करून घेण्यासाठी तर नाही ना, असे बरेच दिवस वाटत होते.

सरांनी माझ्यासाठी जे केले त्यातली एकच गोष्ट सांगते, कारण इतर गोष्टींचा हेतू मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. शिक्षण संपल्यावर मला अकोल्यात एका माती-तपासणी प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्याच वर्षी एका इमारतीच्या मातीचे नमुने आले. चार पिशव्यांपैकी एकीवरची चिठ्ठी वेगळ्या अक्षरात होती. मी अहवालावर सही नाकारली. प्रयोगशाळेत कोणी माझ्याशी धड बोलेना. नकाराचे पत्र मी दीड पानाचे लिहिले होते आणि ते घेऊन सरांकडे गेले. त्यांनी मला शाबासकी दिली नाही. अक्षर वेगळे आहे हे कशावरून ओळखले, तेवढे विचारले आणि पेन्सिल घेऊन पत्रातली सगळी विशेषणे खोडली. खाली एक ओळ उरली : 'पिशवी क्रमांक तीनवरील चिठ्ठीचे अक्षर इतर तिन्हींपेक्षा वेगळे असल्याने हा नमुना त्याच ठिकाणचा आहे असे मला म्हणता येत नाही.' बास, म्हणाले, एवढंच तुला दिसलं आहे, बाकीचा राग आहे. ती ओळ टिकली. तो नमुना पुन्हा मागवण्यात आला.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे येते.

सर नोकरीत असताना त्यांनी विश्वाच्या विस्तारावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. वऱ्हाडातल्या शाळांमधून ती पुष्कळ वाचली गेली आणि तिच्यामुळे विज्ञानाकडे वळलो असे सांगणारी माणसे आजही भेटतात. तिच्या मध्यभागी एक तक्ता आहे : मातीची पट्टी, पहिल्या टाचणीपासून पुढच्या सात टाचण्यांची अंतरे, फुगण्यापूर्वीची आणि नंतरची. त्याखाली आलेखाची सरळ रेषा. पंचाहत्तरीच्या निमित्ताने ती पुस्तिका या ग्रंथासोबत पुन्हा छापावी असे समितीने ठरवले. ग्रंथाचे संपादक म्हणजे सरांचे जुने विद्यार्थी आणि अमरावतीतले वकील. त्यांनी मला फोन करून सुचवले, की तुमच्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग नव्याने करा आणि फोटो पाठवा. जुना तक्ता, नवे फोटो, छान दिसेल.

आमच्याकडे शंकरभाऊ म्हणून जुने साहाय्यक आहेत. त्यांनी माती चाळून, मळून पट्टी केली. मी टाचण्या टोचल्या.

"मॅडम, मातीले सुया कायले टोचून राहिल्या? बिमार हाये का ते?"

मी त्यांना विश्वाचा विस्तार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पट्टी सावलीत ठेवली.

पहिली पाच अंतरे ठीक आली. रेषेच्या थोडी वर, थोडी खाली, जशी मोजलेली अंतरे येतात तशी. सातव्या टाचणीच्या अलीकडे पट्टी तडकली. काळ्या मातीची लांब पट्टी वाळताना आकसते, टोकाकडे वर वळते, आणि भिजवली की तिथे भेग पडते. भेग पडली की तिची रुंदी अंतरात मिसळते, मग ते वाचन फुगण्याचे राहत नाही. मी पट्टी चार वेळा केली. चारही वेळा सहावे आणि सातवे वाचन हाती लागले नाही.

तेव्हा मी पुस्तिकेतला तक्ता जवळ घेऊन नीट पाहिला. सरांच्या पहिल्या पाच आकड्यांमध्ये माझ्या आकड्यांसारखाच विखुरलेपणा होता. सहावा आणि सातवा मात्र बरोबर रेषेवर होते, जराही इकडेतिकडे नाहीत. जो भाग मोजायला सगळ्यात अवघड, तिथेच आकडे सगळ्यात शहाणे. असे आकडे मी नोकरीत पाहिलेले आहेत. ते कुठून येतात तेही मला ठाऊक आहे.

मी वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, की नियम तर बरोबर आहे ना, दीर्घिका त्याच नियमाने चालतात ना, मग दोन टाचण्यांसाठी पंचाहत्तरीच्या तोंडावर हे उकरायचे का. त्यांनी ती पुस्तिका आठवीत असताना वाचली होती. शेवटी म्हणाले, "असू द्या ना, ताई. माणूस मोठा आहे."

माणूस मोठा आहे, एवढ्यावर मी फोन ठेवू शकले असते. पण पुस्तिका पुन्हा छापली जाणार होती आणि नव्या फोटोंखाली माझे नाव जाणार होते.

पुढच्या शनिवारी सकाळी मी अमरावतीला गेले. सुमनकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, चहा ठेवला आणि माझा चेहरा पाहून त्या आत गेल्या. मी सरांना चार पट्ट्यांची वाचने दाखवली. सरांनी ती पाहिली आणि विचारले, "शंका लेखी हाये का?"

लेखी होती. पर्समधून कार्ड काढून दिले. त्यावर एकच ओळ होती : तक्त्यातले सहावे आणि सातवे वाचन मोजलेले आहे का?

सरांनी ती दोनदा वाचली. मग उठून आतल्या कपाटातून एक जुनी वही आणली आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवले. पाच चौकटींत पेन्सिलीचे आकडे होते. शेवटच्या दोन कोऱ्या होत्या.

"नाई मोजलं," सर म्हणाले.

"मंग लिहिलं काऊन?" मी विचारले. एरवी मी सरांशी असे बोलत नाही.

"पट्टी तडकली होती. दुसऱ्या दिवशी छापायले द्यायचं होतं. पाच आकडे रेषेवर आले होते. म्हटलं, बाकीचे दोन कुठी जातीन? नियम तं खरा हाये."

"नियम खरा आहे, सर. मोजमाप खोटं आहे."

"हौ."

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. सरांनी वही मिटून बाजूला ठेवली.

"पयले दोन-तीन वर्षं भेव वाटे, कोणी इचारीन म्हणून," सर म्हणाले. "कोणी इचारलं नाही. मंग म्हटलं, इचारीन तवा सांगू. मंग इसरलो." मग त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली. "नाही. इसरलो नाही. इसरल्यासारखं केलं."

मला जिंकल्यासारखे वाटले नाही. येताना गाडीत मी स्वतःशी ठरवले होते, की सर मुद्रणदोष म्हणाले तर आपण मानायचे नाही. पण त्यांनी तसे म्हणावे अशी माझी इच्छा होती, हे त्या खोलीत मला कळले.

सरांनी पेन घेतले. माझ्या ओळीखाली लिहिले : 'नाही. मोजलेले नाहीत. रेषा पाहून मी बसवले आहेत. प्र. उमाळे.' चपला घालून ते फाटकापर्यंत गेले आणि त्यांनी कार्ड फळ्याच्या मधोमध टोचले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. वर्गाला येणारा प्रत्येक माणूस ते वाचणार होता.

परतीच्या गाडीत माझी शंका पुन्हा जागी झाली. गौरवसमारंभ तोंडावर असताना जाहीर कबुली देणे ही एक वेगळी प्रसिद्धीही असू शकते. लोक म्हणतील, केवढा प्रांजळ माणूस. जो हार एका कारणासाठी पडणार होता तो दुसऱ्या कारणासाठी पडेल, इतकेच. हे मी मनात आणले, याची नोंद इथे करते. ती वगळली तर मीही आकडे बसवले असे होईल.

पण हार पडला नाही. तो रविवार मी पाहिलेला नाही. त्यानंतरच्या रविवारी गेले तेव्हा वर्गात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी समारंभाची निमंत्रणपत्रिका परत पाठवली होती. तीस वर्षे आपण तो तक्ता मुलांकडून पाठ करून घेतला, आता त्या मुलांना काय सांगू, असे त्यांनी सोबत लिहिले होते. सरांनी ते पत्र मला वाचायला दिले आणि परत घेऊन घडी करून खिशात ठेवले. शेठजी मात्र धामणगावहून आले होते. ते सरांना म्हणाले, "मापात मारलं ना, सर? आमच्यात असं केलं तं गिऱ्हाईक येत नाही दुसऱ्यांदा." मग थोडे थांबून, "मी आलो, थे वेगळं."

सर म्हणाले, "बसा."

वर्ग संपल्यावर मी मागच्या अंगणात काकूंना भेटायला गेले. त्या कैऱ्या पुसत होत्या. मी काहीच विचारले नव्हते. तरी त्या म्हणाल्या, "तुले वाटते, त्यायनं थे दिखाव्यासाठी लावलं."

मी नाही म्हणाले नाही.

"तू गेली अन् तासाभरात काढून आणलं होतं. उशीखाली ठेवलं. मी इचारलं तं म्हणे, वाऱ्यानं उडून जाईन. वारा कायचा, झाडाचं पान हालत नव्हतं." काकूंनी पुसलेली कैरी टोपलीत ठेवली. "दुपारभर त्या उशीवर पडून होते, डोये उघडे. पाच वाजता उठले, अन् पुन्हा लावून आले. टाचणी बोटात घुसवून घेतली. आता सांगू नको त्यायले, मी सांगतलं म्हणून."

काकूंची मी माफी मागते. हे सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण होत नाही. फाटकाला एका दमात कार्ड लावणाऱ्या माणसाबद्दल माझा संशय कायम राहिला असता. ते काढून उशीखाली ठेवणारा आणि पुन्हा जाऊन लावणारा माणूस दिखावा करत नसतो. दिखाव्याचे प्रेक्षक फाटकाबाहेर असतात, उशीजवळ नाही. सरांना मी दहा वर्षे तपासत होते. त्या अंगणात तपासणे संपले, असे मी म्हणणार नाही. पण पहिल्यांदा एक आकडा असा मिळाला, की जो कोणी बसवलेला नव्हता.

त्यानंतर समितीची बैठक झाली. वकीलसाहेबांनी दोन प्रस्ताव ठेवले : पुस्तिका वगळावी, आणि माझा लेखही वगळावा. ते सरांच्या प्रेमापोटीच बोलत होते, याबद्दल मला शंका नाही. सर एरवी अशा बैठकांना जात नाहीत, त्या दिवशी गेले. ते एवढेच म्हणाले, की पुस्तिका छापायची, तक्ता दुरुस्त करून छापायचा आणि चूक कशी झाली ते ग्रंथात यायला हवे. कोणीतरी सुचवले, की मग सरांनीच दोन ओळींचा खुलासा लिहावा. "मी लिहिलं तं मी मले सवलत देईन," सर म्हणाले. "हिले लिहू द्या. अन् पटत नसन, तं मले हार घाला अन् मोकळे व्हा." वकीलसाहेबांनी लेख छापायला संमती दिली. त्यांचे मी आभार मानते. हे त्यांना सोपे गेलेले नाही. सरांनी लेख आधी वाचायला मागितलेला नाही.

तक्ता दुरुस्त करण्यासाठी सर स्वतः अकोल्याला आमच्या प्रयोगशाळेत आले. दोन जिने चढताना ते तीनदा थांबले. पट्टी त्यांनी आपल्या हाताने मळली. माती तेल्हाऱ्याहून त्यांनी मागवून घेतली होती. शंकरभाऊ म्हणाले, "ही माती लय आडमुठी, सर. कोणाचं ऐकत नाही." सर म्हणाले, "मी बी तिथचाच हाये." पट्टी सावलीत सावकाश वाळवली, ओल्या गोणपाटावर सावकाश फुगवली. सर एक वाचन घेत, मी दुसरे घेत असे, आणि दोन्ही जुळली तरच लिहीत असू. पाच वाचने मिळाली. सातव्या टाचणीच्या अलीकडे पट्टी पुन्हा तडकली. सर भेगेकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी शेवटच्या दोन चौकटींत आडव्या रेघा मारल्या आणि खाली सही केली. नव्या आवृत्तीत तक्ता तसाच छापला आहे. पाच वाचने जे सांगतात ते तेवढेच सांगतात, आणि ते खरे आहे : घर कुठलेही माना, बाकीचे दूर जातात, लांबचे जास्त. त्यापलीकडे पट्टी काही सांगत नाही.

सरांनी हे तिथेच सोडलेले नाही. पट्टी पातळ केली आणि तिच्या खाली तेल लावलेला कागद ठेवला, तर टोकाकडचा ताण कमी होईल असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटलेले नाही, तसे मी लेखी कळवले आहे. तरी तशी पट्टी आमच्या प्रयोगशाळेत सावलीला वाळत ठेवली आहे, आणि वाळली का, हे विचारायला सरांचा एक दिवसाआड फोन येतो. या कामाला दोन माणसे लागतात, एक मोजणारे आणि एक त्यांच्यावर संशय घेणारे. दुसऱ्या जागेवर मी आहे आणि ती सोडण्याचा माझा विचार नाही. पहिल्या जागेवर सर पुष्कळ वर्षे असोत. त्यांची नजर अर्धा मिलिमीटर ओळखण्याइतकी स्वच्छ राहो, हात टाचणी धरण्याइतका स्थिर राहो आणि गुडघे आमचे दोन जिने चढण्याइतके बळकट राहोत. ही पट्टी तडकली तर पुढची करायला, आणि तीही तडकली तर त्या चौकटी पुन्हा कोऱ्या ठेवायला, त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.